खारवलं, आंबवलं, तरी विषाणू उरतो

चेन्नईहून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने (ओएमआर) दक्षिणेकडे निघालं की सिरुसेरी लागतं. सिपकॉटचं आयटी पार्क, त्यात टीसीएसचं अवाढव्य संकुल आणि भोवती उंच इमारतींची रांग. पुण्या-नाशकाकडची, सांगली-कोल्हापूरकडची मराठी मंडळीही इथे नोकरीनिमित्त येऊन राहतात. हाच रस्ता पुढे केळंबाक्कमला जातो. तिथून डावीकडे वळलं की खाडीचं पसरट पाणी, मिठागरं आणि मग कोवळमचा किनारा. (केरळातलं प्रसिद्ध कोवळम वेगळं.) मीठ, मासळी आणि कडक ऊन या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे खारवलेला मासा असायचाच. तमिळमध्ये त्याला करुवाडू म्हणतात. आपल्या खाऱ्या बांगड्याचा आणि सुक्या बोंबलाचा हा सख्खा नातेवाईक.

करुवाडूचा जुना जोडीदार म्हणजे पळय सोरू. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळपर्यंत तो आंबतो, मग त्यात मीठ, ताक, चेचलेले छोटे कांदे आणि तोंडी लावायला तळलेला करुवाडू. एकेकाळी गरिबाची न्याहारी असलेल्या या भाताला आता हॉटेलांच्या मेनूकार्डावर मानाचं पान मिळालं आहे आणि चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजने आतड्यांच्या आजारांसाठी त्याचा रीतसर अभ्यासही हाती घेतला. आंबवलेलं ते चांगलं, हा समज सध्या जोरात आहे. तो चुकीचा नाही. पण त्याला चिकटून आणखी एक समज येतो, की आंबवलं म्हणजे जंतू मेले आणि खाणं निर्धोक झालं. इथे मात्र थांबून विचारायला हवं, की कुठले जंतू?

मासा आंबवायच्या तऱ्हा आपल्या देशात पुष्कळ आहेत. तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर मीठ लावलेले मासे झावळ्या-चटया घालून वाळूतल्या खड्ड्यात दोन-तीन दिवस पुरून ठेवायची पद्धत आहे. असे मासे नंतर वाळवतही नाहीत, ओलसरच विकतात. मलबार आणि दक्षिण कॅनरा किनाऱ्यावर बांगडे, तारल्या साफ करून मीठ आणि आमसुलाच्या जातीतल्या एका आंबट फळाच्या फोडींसह पिंपांत मुरवत. हा माल कोलंबोला जाई म्हणून त्या पद्धतीला ‘कोलंबो क्युअरिंग’ असंच नाव पडलं. ईशान्येकडे मणिपूरची ङारी आणि त्रिपुरा-आसामचा शिदल आहे. देशाबाहेर बघायचं तर व्हिएतनामचं न्योक-माम आणि कोरियाचं जोतगाल. या जोतगालपाशी आपल्याला पुन्हा यायचं आहे.

मासा पाण्याबाहेर आला की त्याच्या अंगावरचे आणि पोटातले जिवाणू लगेच कामाला लागतात. त्यांना मोकळं सोडलं तर मासा सडतो. मीठ घातलं की खेळ बदलतो. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, सडवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते आणि मीठ सोसणारे लॅक्टिक आम्लवाले जिवाणू बळावतात. ते आम्ल तयार करतात, सामू खाली येतो, शिवाय ते प्रतिस्पर्ध्यांना मारक अशी काही प्रथिनंही सोडतात. साल्मोनेला, ई-कोलाय, खाऱ्या पाण्यात सुखाने राहणारे व्हिब्रियो या सगळ्यांना अशा आम्लात वाढणं जड जातं. हजारो वर्षं माणसाने फ्रीजशिवाय मासा टिकवला तो याच्या जोरावर. जिवाणूंच्या बाबतीत आंबवणं हे खरोखर उत्तम तंत्र आहे.

विषाणूंचं गणितच निराळं. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, जिवंत पेशीच्या बाहेर वाढतही नाही. आंबवण्याची मुख्य करामत असते वाढ रोखण्याची, आणि ज्याला वाढायचंच नाही त्याला ती काय करणार? तो बरणीत नुसता पडून असतो, कुणाच्या तरी आतड्यात पोचायची वाट बघत. त्यातही अन्नातून पसरणारे दोन मोठे विषाणू, नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस ए, हे ‘उघड्या’ जातीचे. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण होतं. साबण लागला की ते फाटायचं आणि विषाणू निकामी व्हायचा. या दोघांना असं आवरणच नाही. आत आरएनएचा धागा आणि बाहेर प्रथिनांचं घट्ट कवच, एवढाच संसार. आकार साधारण तीस नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत तीसेक हजार कण ओळीने बसतील.

हे कवच ज्या वाटेसाठी घडलं आहे ती वाट तोंडातून पोटात आणि पोटातून आतड्यात जाते. मध्ये जठरातलं आम्ल लागतं, सामू दोनच्या आसपास. ते पार करून जो धडधाकट आतड्यात उतरतो त्याला सामू चारच्या लोणच्याचं काय भय? हिपॅटायटिस एचा विषाणू सामू एकच्या आम्लातही काही तास तग धरतो आणि साठ अंश सेल्सियसला तासभर टिकल्याचीही नोंद आहे. थंडी तर या दोघांना मानवते. फ्रीजमध्ये अन्न टिकतं, तसा विषाणूही टिकतो.

याचा सरळ प्रयोग कोरियात झाला. २०१४ साली ‘फूड मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तो बारकाईने बघण्याजोगा आहे, कारण त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाणपणाच्या अगदी उलट आहे. संशोधकांनी कालवं घेतली, त्यांत मुद्दाम विषाणू मिसळले, काहींना पाच टक्के मीठ लावलं, काहींना दहा टक्के, आणि अठरा अंश तापमानाला पंधरा दिवस आंबत ठेवली. अधूनमधून विषाणू, जिवाणू, सामू आणि विकरं मोजत राहिले. पाच टक्के मिठाच्या कालवांत लॅक्टिक जिवाणू ग्रॅममागे काही हजारांवरून पन्नास कोटींच्या पलीकडे गेले. सामू ५.३८ वरून ४.१७ वर आला. म्हणजे आंबणं झकास झालं. आणि विषाणू? दोन विषाणूंपैकी एक पंधरा दिवसांत हजार पटींनी घटला. दुसरा घटला फक्त चाळीस पटींनी.

चाळीस पट घट ऐकायला बरी वाटते. पण हिशेब मांडून बघू. कालवात विषाणूचे दहा हजार कण असतील तर चाळीस पट घटीनंतर अडीचशे उरतात. नोरोव्हायरसने माणूस आजारी पडायला किती कण लागतात? अंदाज दहा ते शंभरचा आहे, एका अभ्यासात तो अठरापर्यंत खाली आला. हजार पट घट झाली तरी दहा कण उरतातच. आजारी माणसाच्या ग्रॅमभर विष्ठेत हे कण अब्जांच्या घरात असतात, हे लक्षात घेतलं तर दहा हजार हा आकडासुद्धा फुगवलेला वाटत नाही.

त्यातही मिठाची गोष्ट. दहा टक्के मिठाच्या कालवांत विषाणू जास्त घटले असतील असं आपल्याला वाटेल. झालं उलटं. पाच टक्क्यांत घट जास्त होती. कारण असं दिसतं, की जास्त मिठाने लॅक्टिक जिवाणूंचाच हात आखडतो. आम्ल कमी, प्रथिनं तोडणारी विकरं कमी, आणि विषाणूच्या कवचाला जी काही झळ पोचायची ती याच दोघांकडून पोचते. ‘जरा जास्त मीठ घाल म्हणजे बिघडणार नाही’ हा आजीचा सल्ला जिवाणूंपुरता सोळा आणे खरा. विषाणूंच्या बाबतीत तेच जास्तीचं मीठ त्यांच्या बाजूने उभं राहतं. मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नुसत्या तर्काने हाती लागला नसता.

प्रयोगात वापरलेले विषाणू मात्र माणसाचे नव्हते. हजार पट घटलेला विषाणू मांजरांना होणाऱ्या सर्दीपडशाचा, तर चाळीस पट घटलेला उंदरांचा नोरोव्हायरस. माणसाचा नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवणं अनेक दशकं कुणाला जमलं नव्हतं. तो ओळखला गेला १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली झालेल्या साथीच्या नमुन्यांतून. तो वाढवण्याची पद्धत मेरी एस्टिस यांच्या ह्यूस्टनमधल्या गटाला सापडली २०१६ मध्ये. तोवर सगळ्यांना त्याच्या चुलतभावांवरच भागवावं लागलं. मांजराचा विषाणू श्वसनमार्गाचा, त्याला जठरातून जायची सवय नाही, म्हणून तो आम्लापुढे लवकर ढेपाळतो. उंदराचा आतड्यातला, त्यामुळे माणसाच्या विषाणूशी तोच अधिक मिळताजुळता. तेव्हा त्या प्रयोगातला गंभीरपणे घ्यायचा आकडा चाळीसचा, हजारचा नाही. बातम्यांत मात्र ‘आंबवल्याने विषाणू ९९.९ टक्के नष्ट’ असा मथळा करायला हजारचा आकडा फार सोयीचा पडतो. असा मथळा दिसला की कुठल्या विषाणूबद्दल बोलतात ते आधी शोधावं.

प्रयोगशाळेतलं हे गणित पाच वर्षांनी कोरियाच्या जेवणाच्या ताटांत खरं ठरलं. २०१९ मध्ये दक्षिण कोरियात हिपॅटायटिस एचे रुग्ण झपाट्याने वाढू लागले. वर्षअखेर आकडा सतरा हजारांच्या पुढे गेला, आदल्या वर्षीच्या सुमारे सातपट. शोध घेता घेता तपास पोचला जोगे-जोत या पदार्थापाशी. हे शिंपल्यांचं जोतगाल. कच्चे शिंपले मिठात मुरवायचे, तिखट, लसूण, तिळाचं तेल लावायचं आणि भाताबरोबर तोंडी लावायला तसेच खायचे. कुठेही चूल पेटत नाही. सप्टेंबरमध्ये तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने जाहीर केलं की साथीचं मुख्य कारण हेच, आणि खात्री पटेपर्यंत ते खाऊ नका असं लोकांना सांगितलं. त्यानंतर रुग्ण भराभर कमी झाले. मुरवलेल्या, खारट, चवीला अव्वल अशा पदार्थाने एका प्रगत देशाला कावीळ दिली.

शिंपल्यांनी याहून मोठा हाहाकार १९८८ मध्ये शांघायमध्ये माजवला होता. तिथे आंबवण्याचा प्रश्न नव्हता. लोक शिंपल्यांवर उकळतं पाणी ओतून, ते जेमतेम उघडले की आतलं अर्धकच्चं मांस खात. जानेवारी ते मार्च या काळात सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. हे ‘जेमतेम उघडणं’ लक्षात ठेवा, आपल्या चुलीशी त्याचा संबंध आहे.

शिंपलेच का, सुरमई-पापलेट का नाही? नोरोव्हायरस माशाला होत नाही, शिंपल्यालाही नाही. तो माणसाचाच, माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि तिथून खाडीत येणारा. माशाच्या अंगाला तो फार तर वरून लागेल. शिंपलेवर्गाचं जगणंच पाणी गाळून खाण्याचं. एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत तासाला काही लिटर पाणी गाळतं आणि त्यातलं जे मिळेल ते पोटात साठवतं. वर, कालवाच्या पाचकग्रंथीत अशा काही शर्करा असतात ज्यांना नोरोव्हायरस चिकटून बसतो. आपल्या आतड्यातही तो साधारण अशाच शर्करांना धरतो. म्हणून कालवं स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत दीड-दोन दिवस ठेवली तर ई-कोलाय धुऊन जातात, विषाणू जात नाहीत. शिवाय आपण कालव खातो ते पोटासकट. कोळंबीचा काळा दोरा काढतो, मासा साफ करतो, कालवाच्या बाबतीत तशी सोयच नाही.

सिरुसेरीच्या जवळ मुट्टुकाडूची खाडी आहे. मचूळ पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था चेन्नईत आहे आणि तिचं प्रयोगकेंद्र याच मुट्टुकाडूला.  पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांतल्या कालवाचं शास्त्रीय नाव क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस. आपल्या रत्नागिरी-गोव्याकडचं क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स हॉर्नेल यांनी चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवरात कालवांची शेती करून पाहिली होती. तेव्हा किनाऱ्यावर शहर एवढं पसरलेलं नव्हतं. आज समुद्राला समांतर जाणारा ब्रिटिशकालीन बकिंगहॅम कालवा चेन्नईतलं सांडपाणी वाहतो. मुंबईच्या मिठी नदीची आणि ठाण्याच्या खाडीची कथा वेगळी नाही. शहर जिथे आपलं सांडपाणी खाडीला देतं तिथले शिंपले ते नेमाने गाळत बसतात.

आणि पाणी स्वच्छ की घाण हे आपण मोजतो जिवाणूंवरून. कोवळमच्या किनाऱ्याला २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं, कौतुकाचीच गोष्ट. पण त्या मानांकनात पाण्याची तपासणी होते ती ई-कोलाय आणि एंटेरोकॉकाय यांची. युरोपात शिंपल्यांची क्षेत्रं ठरवतात तीही ई-कोलायच्या मापाने. पोहण्यासाठी हे माप ठीक आहे, शिंपल्यांतल्या विषाणूंसाठी अपुरं. मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००८ मध्ये नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे शिंपले तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोरोव्हायरस किंवा हिपॅटायटिस ए सापडला नाही, पण माणसाच्या आतड्यातले एंटेरोव्हायरस कालवांत आणि तिसऱ्यांत सापडले. माणसाच्या आतड्यातलं काहीतरी शिंपल्यापर्यंत पोचतं, एवढं त्यावरून नक्की. वाट तयार आहे, उद्या त्या वाटेने कोण येईल हे गावात कुठली साथ चालू आहे त्यावर ठरतं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. मराठी आणि गोमंतकी माणूस कच्चा शिंपला खात नाही, कच्चं जोतगालसारखं काही करत नाही. खारा बांगडा भाजतो किंवा तळतो, सुकट तव्यावर परततो, तमिळ घरांत करुवाडूचं कुळंबू, म्हणजे कालवण, खळखळ उकळतं. गोव्याच्या बलचावात कोळंबी आधी परतली जाते, माडाच्या सुरेचं व्हिनेगर मग येतं. आपल्याला विषाणूंपासून आजवर वाचवलं ते मिठाने किंवा आंबटाने नाही, विस्तवाने. हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं म्हणून तर धोका. कारण उद्या कुणी नव्या हौसेने ‘घरगुती जोतगाल’चा व्हिडिओ बघून खाडीतली कालवं मिठात मुरवायला बसला, तर आपल्याकडेही पूर्वीपासून आंबवतातच की, असं म्हणून तो निर्धास्त राहील.

विस्तवाचंही एक माप आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २०१२ मध्ये अन्नातल्या विषाणूंसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिंपल्यांच्या मांसात आतपर्यंत ९० अंश सेल्सियस तापमान दीड मिनिट राहिलं तर विषाणू निकामी होतात असं मानलं जातं. ‘आतपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. तिसऱ्यांचं एकशिपी करताना कशी गंमत होते बघा. तिसऱ्या धुऊन पातेल्यात घातल्या, झाकण ठेवलं की मिनिटा-दोन मिनिटांत त्या टकाटक तोंड उघडतात. काहीजणी आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवतात, मग सुरीने सहज उघडतात. पण शिंपला उघडतो तो आतला स्नायू सैल पडला म्हणून, मांस शिजलं म्हणून नव्हे. त्या क्षणी आतलं तापमान नव्वदच्या बरंच खाली असतं. शांघायला नेमकं हेच झालं. आणि फ्रीझरने विषाणूचा केसही वाकडा होत नाही. तेव्हा तोंड उघडल्यावर गॅस बंद करायचा नाही. वाटण, आमसूल घालून चांगली उकळी आल्यावर आणखी काही मिनिटं शिजवायच्या. तिसऱ्या थोड्या आकसतील, चिवट होतील. ‘जरा कमी शिजवल्या की मऊ राहतात’ म्हणणारी मंडळी बरोबर आहेत, पण हा मऊपणा पावसाळ्यात शहराजवळच्या खाडीतल्या तिसऱ्यांसाठी नको.

शिजवल्यानंतरचा हात ही दुसरी पळवाट. पळय सोरूतला भात शिजलेला असतो, पण ज्या पाण्यात तो रात्रभर भिजतो ते पाणी? आंबल्यावर त्याला पुन्हा आच लागत नाही. ओएमआरवरच्या कित्येक सोसायट्या टँकरच्या पाण्यावर चालतात. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले तेव्हा इथल्या काही आयटी कंपन्यांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं होतं. टँकर कुठल्या विहिरीतून भरला हे विचारायची सोय अशा वेळी नसते. कोरियातही शाळांमधल्या नोरोव्हायरसच्या साथी किमचीपर्यंत पोचल्या होत्या, आणि तिथे दोष कोबीचा नव्हता, ती ज्या भूजलाने धुतली त्याचा होता. पाणी उकळून, गार करून भात भिजवला तर पळय सोरूची चव बिघडत नाही. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की काय होतं हे दिल्लीने १९५५-५६ मध्ये पाहिलं होतं. यमुनेच्या पाण्यातून काविळीचे एकोणतीस हजारांवर रुग्ण झाले. ती साथ हिपॅटायटिस एची नव्हती, हे १९८० मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून दाखवलं. पुढे त्या विषाणूला ‘ई’ हे अक्षर मिळालं.

सिरुसेरीतल्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींसाठी यात एक जास्तीची पाचर आहे. पूर्वी भारतात हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जाई. लहान मुलात तो सहसा लक्षणंसुद्धा दाखवत नाही आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या शहरी पिढीला तो लहानपणी होत नाही. मग पंचविशी-तिशीत झाला तर खरी कावीळ होते, आठवडेच्या आठवडे अंथरुण धरावं लागतं, क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. कोरियातल्या २०१९ च्या साथीतही सर्वाधिक फटका तिशी-चाळिशीतल्यांनाच बसला, कारण हेच. आपल्याकडे केरळात अलीकडे झालेल्या साथींतही मोठ्या वयाचे रुग्ण दिसले. स्वच्छतेचा फायदा अर्धवट राहिला की त्याची अशी किंमत मोजावी लागते. मुलाच्या आतड्याला संरक्षण मिळालं, शहराच्या सांडपाण्याला मात्र मिळालं नाही.

नोरोव्हायरसवर अजून बाजारात लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तो दरवर्षी सुमारे साडेअडुसष्ट कोटी लोकांना जुलाब-उलट्या देतो. हिपॅटायटिस एवर मात्र लस आहे. सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नाही, पण खासगी दवाखान्यात मिळते, आणि जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने देशी बनावटीची लसही बाजारात आणली. मोठेपणी घ्यावी का, आधी रक्त तपासावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. बाहेरगावी राहून मेसवर आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी तर जरूर विचारा.

आणि एक. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नका, अल्कोहोल त्याच्या कवचाला फारसं काही करत नाही. साबण आणि वाहतं पाणी घेऊन हात चोळून विषाणू धुऊन काढणं हाच इलाज. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही निदान दोन दिवस त्या माणसाला स्वयंपाकाला हात लावू देऊ नका, मग ती स्वयंपाकाची बाई असो, डबेवाली मावशी असो की तुम्ही स्वतः.